स्टँडअप पॅडलबोर्ड : बोर्डाआधी पाणी ओळखावे

पावसाळा सरून समुद्र निवळला की काणकोणातील पाळोळे किनाऱ्यावर, मोबोरच्या साळ नदीत, शापोऱ्याच्या मुखाजवळ आणि मांडवीच्या लहानसहान खाड्यांत एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. लांबट, रुंद फळीवर माणूस ताठ उभा असतो, हातात त्याच्या उंचीहून अधिक लांबीचे वल्हे असते आणि फळी आवाज न करता पुढे सरकत असते. इंजिन नाही, शीड नाही, वेगही फारसा नाही. काठावरून पाहणाऱ्याला हा खेळ सर्व जलक्रीडांत सोपा वाटतो आणि एका अर्थाने तो तसा आहेही. पोहता येणारी निरोगी व्यक्ती शांत पाण्यात तासाभरात त्यावर उभी राहू शकते.

मात्र या सोपेपणातच त्याचा धोका आहे. बोर्डावरून पाण्यात पडणे ही किरकोळ बाब असते, तो खेळाचाच भाग आहे. गंभीर प्रसंग ओढवतो तो जाणे सोपे आणि परतणे अशक्य झाल्यावर. म्हणून कोणता बोर्ड घ्यावा या प्रश्नाच्या आधी तो कोणत्या पाण्यात आणि कोणत्या वेळी न्यायचा आहे, हे ठरवणे आवश्यक ठरते. बोर्डाचा आकार, फिन, सुरक्षादोरीचा प्रकार आणि निघण्याची वेळ या साऱ्यांचे उत्तर त्या एका निर्णयात असते.

खेळाची पार्श्वभूमी

उभ्याने वल्हवणे जगात अनेक ठिकाणी प्राचीन आहे. गोव्यातील मासेमारही उथळ पाण्यात होडीत उभे राहून बांबूने होडी लोटतात. परंतु आजचा स्टँडअप पॅडलबोर्ड, ज्याला जगभर संक्षेपाने ‘सप’ म्हटले जाते, हवाई बेटांतून आला. विसाव्या शतकाच्या मध्यास वायकीकी किनाऱ्यावरील सर्फिंग शिकवणारे काही जण मोठ्या सर्फबोर्डावर उभे राहून वल्ह्याने पुढे जात. उंचावरून शिकाऊ मंडळींवर लक्ष ठेवता येई आणि येणारी लाटही लवकर दिसे. पुढे लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा आदी हवाईच्या सर्फपटूंनी या प्रकाराला नवे रूप दिले आणि २००० नंतरच्या दशकात तो सपाट पाण्यातील स्वतंत्र खेळ म्हणून जगभर पसरला. या खेळाचे ऑलिंपिक स्तरावरील नियमन कोणी करावे यावर सर्फिंग आणि कनूइंग यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघांत वाद झाला. क्रीडा लवादाने २०२० मध्ये सर्फिंग महासंघाच्या बाजूने निर्णय दिला.

भारतात या खेळाची ओळख प्रामुख्याने कर्नाटक आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवरून झाली. मंगळुरूजवळील मुल्की गावी शांभवी नदीचे मुख आणि समुद्र शेजारी असल्याने तेथे सराव केलेले खेळाडू राष्ट्रीय पातळीवर चमकले. तन्वी जगदीश ही त्यांतील परिचित नाव. मार्च २०२४ मध्ये मंगळुरूच्या परिसरात आंतरराष्ट्रीय सप स्पर्धाही झाली. गोव्यात मात्र हा खेळ स्पर्धेपेक्षा विहाराच्या रूपाने रुजला आहे आणि बहुतेक शिकाऊ मंडळी नदीच्या मुखाजवळच पहिल्यांदा बोर्डावर उभी राहतात. तेथील पाण्याचा स्वभाव समजून घेणे त्यामुळे अधिक गरजेचे आहे.

सकाळचा शांत समुद्र काय सांगतो

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शालेय भूगोलात त्याला मतलई वारा म्हणतात. दिवसा जमीन तापल्यावर दिशा उलटते आणि खारा वारा किनाऱ्याकडे येऊ लागतो. गोव्याचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने हिवाळ्यातील पहाटेचा वारा पूर्वेकडून, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्राच्या दिशेने असतो. काठावरील झाडे आणि टेकड्या त्याला अडवतात, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी निश्चल दिसते. दोन-तीनशे मीटर आत गेल्यावर तो आडोसा संपतो आणि वारा पाठीशी लागतो. उभा माणूस म्हणजे एक लहानसे शीडच असते. पाठीमागून येणारा वारा जाणवत नाही, वेग मात्र वाढतो आणि आपण उत्तम वल्हवत आहोत असा समज होतो. वळल्यावर खरी परीक्षा सुरू होते.

यातून पहिला नियम निघतो. निघण्यापूर्वी झाडांच्या शेंड्यांकडे, किनाऱ्यावरील ध्वजाकडे आणि दूरवरच्या पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहावे. वारा जमिनीकडून असेल तर नवशिक्याने किनाऱ्याला समांतर, कंबरभर पाण्याच्या आसपासच राहावे. अकराच्या पुढे खारा वारा जोर धरू लागला की लाटांची चुळबुळ वाढते आणि तोल सांभाळणे अवघड होते. तो वारा निदान किनाऱ्याकडे ढकलतो, पण खडकाळ किनाऱ्यावर तेही सोयीचे नसते. वाऱ्याचा वेग ताशी १५ किलोमीटरपेक्षा अधिक असल्यास शिकाऊ व्यक्तीने त्या दिवशी पाण्यात न उतरणे योग्य.

नदीतील ओहोटीचे गणित

मांडवी, जुवारी, साळ, शापोरा, तेरेखोल, तळपण आणि गालजीबाग या नद्या मुखापासून बऱ्याच आतपर्यंत भरती-ओहोटीच्या अधीन आहेत. दिवसातून दोनदा पाणी वर चढते आणि दोनदा उतरते. दररोज ही वेळ सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाण्याची चढउतार सर्वाधिक होते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा ती सर्वात कमी होते. कोकण किनाऱ्यावरील जुन्या जाणत्यांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. हा अंदाज स्थानपरत्वे पुढेमागे होतो आणि नदीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. त्यामुळे नियोजनासाठी मुरगाव बंदराचे छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रकच पाहावे आणि तिथीचा उपयोग उधाण की भांग हे ओळखण्यापुरता करावा.

ओहोटीचे पाणी सहा तास एकाच वेगाने उतरत नाही. दर्यावर्दी लोक एकूण उताराचे बारा भाग कल्पितात. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरते. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत निघून जाते आणि प्रवाहाचा जोरही तेव्हाच सर्वाधिक असतो. पुलाखाली, अरुंद वळणावर आणि नदीमुखाशी तो आणखी वाढतो.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नवशिक्या व्यक्ती स्थिर पाण्यात ताशी साधारण चार किलोमीटर जाते असे समजू. ओहोटीचा प्रवाह ताशी दोन किलोमीटर असेल तर मुखाकडे जाताना प्रत्यक्ष वेग सहा होतो आणि अर्ध्या तासात तीन किलोमीटर अंतर कापले जाते. परतताना वेग केवळ दोन उरतो. तेच तीन किलोमीटर यायला दीड तास लागतो, तोही दमलेल्या हातांनी. प्रवाह ताशी चार किलोमीटर झाला तर कितीही वल्हवले तरी बोर्ड जागचा हलत नाही. सकाळची ओहोटी आणि मतलई वारा हे दोन्ही एकाच दिशेने, समुद्राकडे, नेत असतात. नदीमुखाशी नवशिक्यांसाठी याहून वाईट योग नाही.

म्हणून दुसरा नियम असा की जाताना वारा आणि प्रवाह यांच्या विरुद्ध जावे, येताना त्यांचे साहाय्य घ्यावे. नदीत उत्तम वेळ म्हणजे भरती पूर्ण होण्यापूर्वीचा एक तास आणि नंतरचा अर्धा तास. तेव्हा पाणी भरलेले, मंद आणि खडकांना झाकणारे असते. चिखलात रुतण्याचा आणि कालवांच्या धारदार कवचांनी पाय कापण्याचा प्रसंगही टळतो.

बोर्डाची निवड

बोर्डाचे मुख्य प्रकार दोन आहेत : हवा भरण्याचा आणि कडक. कडक बोर्ड फोमच्या गाभ्यावर काचतंतू आणि इपॉक्सी यांचे आवरण देऊन बनवतात. तो पाणी सफाईने कापतो आणि लाटांवर अधिक आज्ञाधारक असतो. परंतु तो ठेवायला दहा-अकरा फुटांची जागा, न्यायला गाडीवर कॅरिअर आणि आपटू नये म्हणून काळजी लागते. हवेच्या बोर्डात वरच्या व खालच्या थरांना हजारो धाग्यांनी आतून जोडलेले असते. त्यामुळे उच्च दाबाने हवा भरली तरी तो फुग्यासारखा गोल न होता सपाट व टणक राहतो. घडी घातल्यावर तो पाठपिशवीत मावतो. सदनिकेत राहणाऱ्या आणि वर्षातून मोजक्या महिन्यांत वापर करणाऱ्या कुटुंबासाठी हवेचा बोर्डच सहसा सोयीचा ठरतो.

मापांविषयी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिल्या बोर्डासाठी १० ते ११ फूट लांबी आणि ३२ ते ३४ इंच रुंदी योग्य. रुंदी तोल देते, लांबी वेग आणि सरळपणा देते. साठ ते पंचाहत्तर किलो वजनाच्या व्यक्तीस साडेदहा फूट लांब व ३२ इंच रुंद बोर्ड पुरेसा होतो. नव्वद किलोच्या पुढे किंवा मूल पुढे बसवायचे असल्यास ११ फुटांच्या वर आणि ३३-३४ इंच रुंदीचा घ्यावा. कडक बोर्डाच्या बाबतीत आकारमान लिटरमध्ये दिलेले असते. नवशिक्याने आपल्या किलोतील वजनाच्या किमान दुप्पट लिटरचा बोर्ड निवडावा. हवेच्या बोर्डाची जाडी सहा इंच असावी. चार इंची बोर्ड स्वस्त मिळतात, पण मध्यभागी वाकतात, आणि वाकणाऱ्या बोर्डावर तोल साधत नाही.

साडेअकरा ते साडेबारा फुटी, टोकदार नाकाचे बोर्ड लांब पल्ल्यासाठी असतात. ते नदीतील प्रवासाला उत्तम, पण वळायला जड असतात. दहा फुटांहून लहान बोर्ड लाटांसाठी असतात आणि १४ फुटी अरुंद बोर्ड शर्यतीसाठी. पहिल्या हंगामात या दोहोंचा मोह टाळावा. विक्रेता ‘सर्व कामांसाठी’ म्हणून देतो तो मध्यम बोर्डच शिकायला योग्य असतो. खरेदीपूर्वी निदान तीन-चार वेळा भाड्याच्या बोर्डावर वेगवेगळ्या रुंदीचा अनुभव घेतल्यास चुकीची खरेदी टळते.

हवेच्या बोर्डात पाहण्यासारख्या जागा म्हणजे कडेचे सांधे, हवेची झडप आणि मधली मूठ. केवळ गोंदाने चिकटवलेले एकेरी सांधे उष्ण हवामानात लवकर सुटतात. दुहेरी थराची किंवा उष्णतेने जोडलेली कड अधिक टिकते. वापरलेला बोर्ड घेताना तो पूर्ण दाबाने भरून एक रात्र तसाच ठेवावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावे.

हवेचा दाब आणि गोव्याचे ऊन

बहुतेक हवेच्या बोर्डांवर १२ ते १५ पीएसआय दाबाची शिफारस छापलेली असते. हातपंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ शून्यावरच असतो. पंप बिघडला असे समजून अनेक जण तेथेच थांबतात आणि अर्धवट भरलेला बोर्ड पाण्यात नेतात. काटा हलू लागल्यानंतरच खरे कष्ट सुरू होतात. दुहेरी पंप असल्यास सुरुवातीला दोन्ही बाजूंनी आणि नंतर एका बाजूने हवा भरावी.

पूर्ण भरलेला बोर्ड उन्हातील वाळूवर ठेवणे ही नेहमीची चूक आहे. २८ अंश सेल्सिअसला १५ पीएसआय भरलेल्या बोर्डातील हवा ५८ अंशांपर्यंत तापली तर दाब सुमारे १८ पर्यंत चढतो. गडद रंगाचा बोर्ड मार्चच्या उन्हात सहज तितका तापतो आणि जुना सांधा अशा वेळी सुटतो. पाण्याबाहेर थांबायचे असेल तर बोर्ड सावलीत ठेवावा, सावली नसेल तर थोडी हवा सोडावी. परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून मगच घडी घालावी. गोव्याच्या दमट हवेत ओला बंद केलेला बोर्ड आठवडाभरात बुरशी धरतो.

वल्हे आणि फिन

वल्ह्याची लांबी आपल्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर अधिक असावी. शिकताना लांबी कमी-जास्त करता येणारे वल्हे घ्यावे. अॅल्युमिनियमचे वल्हे स्वस्त पण जड, काचतंतूचे मध्यम आणि कार्बनचे हलके व महाग असते. तासाभरात वल्हे शेकडो वेळा उचलावे लागते, म्हणून बोर्डावर थोडा कमी खर्च करून वल्ह्यावर थोडा अधिक करणे शहाणपणाचे. वल्ह्याचे पाते दांड्याशी किंचित कोनात असते. तो कोन पुढच्या बाजूस झुकलेला राहील असे धरावे. सहज प्रेरणेने बहुतेक जण ते उलटे धरतात, कारण पाते पाणी ओंजळीत घेईल असे त्यांना वाटते.

बोर्डाच्या तळाशी मागे बसवलेला फिन दिशा स्थिर ठेवतो. तो विसरल्यास बोर्ड प्रत्येक फटकाऱ्याला गरगर फिरतो. खोल पाण्यासाठी आठ-नऊ इंची मधला फिन सरळ जाण्यास मदत करतो. खाजन जमिनींलगतच्या उथळ खाड्यांत मात्र तो चिखलात अडतो आणि उभा माणूस तोंडावर पडतो. अशा पाण्यासाठी चार-पाच इंची लवचीक फिन सोबत ठेवावा.

सुरक्षादोरी : सर्वात महत्त्वाची निवड

बोर्ड आणि माणूस यांना जोडणाऱ्या दोरीला लीश म्हणतात. वाऱ्यात सुटलेला बोर्ड पोहणाऱ्या माणसापेक्षा वेगाने दूर जातो आणि बोर्ड हेच सर्वात मोठे तरंगणारे साधन असल्याने तो गमावणे धोक्याचे असते. म्हणून समुद्रात लीशशिवाय कधीही जाऊ नये. तेथे घोट्याला किंवा पोटरीला बांधलेली लीश चालते. सपाट पाण्यासाठी गुंडाळी पद्धतीची आणि लाटांसाठी सरळ लीश वापरतात.

वाहत्या नदीत तीच घोट्याची लीश जिवावर बेतू शकते. बोर्ड खांबाच्या एका बाजूने आणि माणूस दुसऱ्या बाजूने गेला तर दोरी खांबाला अडकते. प्रवाह दोघांना ताणून धरतो, माणूस पाण्याखाली ओढला जातो आणि वाकून घोट्यापर्यंत हात नेणे त्या जोरात शक्य होत नाही. गोव्याच्या नद्यांत असे अडथळे जागोजागी आहेत. मासेमारीची खुटावणी जाळी, नांगरलेल्या ट्रॉलर व बार्जचे दोर, पुलांचे खांब, धक्क्यांचे लाकडी वासे, खारफुटीची मुळे आणि खाजन बांधांतील मानशी यांची दारे ही त्यांपैकी काही. अशा पाण्यात कमरपट्ट्याला जोडलेली, एका झटक्यात सुटणारी लीशच वापरावी. पट्टा लाइफ जॅकेटच्या वरून बांधावा, सोडण्याची मूठ समोर असावी आणि दोन्ही हातांनी, डोळे मिटून ती सोडण्याचा सराव काठावर करावा.

ही सूचना अनुभवातून आली आहे. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट येथे पावसाने फुगलेल्या क्लेडाउ नदीत मार्गदर्शकासह गेलेल्या गटातील काही जण बंधाऱ्यावरून खाली खेचले गेले आणि चौघांचा मृत्यू झाला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेने नियोजनातील त्रुटींबरोबर त्या पाण्यास अयोग्य लीशकडेही लक्ष वेधले. बंधाऱ्याखालचे पाणी स्वतःभोवती घुसळत राहते आणि त्यात सापडलेली वस्तू बाहेर पडू देत नाही. गोव्यातही नद्यांच्या वरच्या टप्प्यात बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून बोर्ड नेण्याचा प्रयत्न कधीही करू नये. खूप आधी काठाला लागून, बोर्ड उचलून पलीकडे जावे.

लाइफ जॅकेट ही दुसरी अनिवार्य वस्तू. पॅडलबोर्डसाठी ५० न्यूटन उत्प्लावनाचे, हात मोकळे ठेवणारे जॅकेट सोयीचे असते. मात्र ते शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या व्यक्तीसाठी असते. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड वर ठेवण्याच्या उद्देशाने बनवलेली जॅकेटे १०० न्यूटन किंवा त्याहून अधिकची असतात. पोहता न येणाऱ्याने आधी पोहणे शिकावे. जॅकेट बोर्डावर बांधून ठेवणे म्हणजे ते घरी ठेवण्यासारखेच आहे.

पहिला तास

सरावाची सुरुवात वाळूवर करावी. फिन काढून बोर्ड सपाट ठेवावा आणि मधली मूठ ओळखावी. ती बोर्डाचा मध्य दाखवते. त्या दोन्ही बाजूंस गुडघे टेकून बसणे, मग एकेक पाऊल गुडघ्याच्या जागी ठेवून उठणे, ही हालचाल पाच-सहा वेळा करावी.

पाण्यात प्रथम गुडघ्यांवर राहूनच वल्हवावे. पाणी कंबरेच्या आसपास असावे. त्याहून उथळ पाण्यात पडल्यास इजा होते. बोर्ड पुढे सरकत असताना उभे राहणे थांबलेल्या बोर्डावर उभे राहण्यापेक्षा सोपे असते, जसे सायकलवर वेग असताना तोल राहतो. पावले समांतर, खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल आणि नजर क्षितिजावर ठेवावी. पायांकडे पाहिले की तोल जातो.

वल्हवताना वरचा हात मुठीवर, खालचा दांड्यावर. पाते पुढे नेऊन पूर्ण बुडवावे, शरीराच्या फिरकीने ओढावे आणि घोट्याजवळ आल्यावर बाहेर काढावे. पाते त्यापुढे मागे नेल्यास बोर्ड वळतो, पुढे जात नाही. पाच-सहा फटकाऱ्यांनंतर बाजू बदलावी आणि बाजूबरोबर हातही बदलावेत. वळण्यासाठी पाते बोर्डापासून दूर, मोठ्या अर्धवर्तुळात फिरवावे. थांबण्यासाठी उलट दिशेने वल्हवावे.

पडताना बोर्डापासून दूर, बाजूला, अंग सपाट ठेवून पडावे. डोके खाली घालून उडी मारू नये. परत चढताना बोर्डाच्या मध्याजवळ जाऊन मूठ धरावी, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून पोहताना मारतात तसे मारावेत आणि छाती बोर्डावर ओढून घ्यावी. खोल पाण्यात जाण्यापूर्वी हे पाच वेळा, कोणाच्या मदतीशिवाय जमले पाहिजे. वारा वाढला तर गुडघ्यांवर बसावे. त्यानेही भागले नाही तर वल्हे अंगाखाली दाबून, पोटावर झोपून हातांनी वल्हवावे. किनारा गाठता येत नसेल तर बोर्ड सोडून पोहत निघू नये. बोर्डावरच राहून दोन्ही हात पसरून वरखाली हलवावेत, ही मदतीची सर्वमान्य खूण आहे. जलरोधक पिशवीतील फोन बोर्डावर नव्हे, अंगावर असावा. आपत्कालीन सेवेसाठी ११२ आणि समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

कोठे आणि केव्हा

शिकण्यासाठी पाळोळेसारखी दोन्ही टोकांना आडोसा असलेली उपसागरी जागा किंवा साळ नदीसारखी संथ पात्रे भरतीच्या वेळी योग्य. नदीमुखावरील वाळूचा दांडा, जेथे लाटा आणि ओहोटी समोरासमोर भिडतात, तो टाळावा. पणजीजवळील मांडवीत फेरीबोटी, पर्यटक नौका आणि बार्ज यांची वर्दळ असते. मोठ्या नौकेची लाट तिच्या मागाहून, नौका गेल्यानंतर येते. तेव्हा गुडघ्यांवर बसून बोर्डाचे नाक लाटेकडे करावे. कुंभारजुवे कालव्यात मगरींचा वावर आहे, दुर्भाट परिसरात चिखलाची मगर करून तिची पूजा करण्याची मांगे थापणीची परंपराही त्या सहवासाची साक्ष देते. तेथे शिकाऊ व्यक्तीने बोर्ड नेऊ नये. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात वनखात्याचे नियम लागू होतात. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालतात, त्या राखीव पट्ट्यातून बोर्ड ओढत नेऊ नये. रापण ओढली जात असताना जाळ्याच्या घेऱ्यापासून दूर राहणे हा साधा शिष्टाचार आहे. त्या दोरांवर अनेक घरांची त्या दिवसाची कमाई असते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र या खेळासाठी बंद समजावा. नद्याही त्या काळात गढूळ, वेगवान आणि ओंडके वाहून आणणाऱ्या असतात. इतर महिन्यांतही हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे उंच लाटांचे इशारे पाहून निघावे. स्वच्छ आकाशाच्या दिवशीही दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा किनाऱ्याला पोहोचतात. किनाऱ्यावर लाल ध्वज असेल तर जीवरक्षकाशी वाद घालू नये.

शिकवणारी व्यक्ती निवडताना तिने कोणत्या संस्थेचे प्रशिक्षण घेतले, एका वेळी किती जणांना नेते, पर्यटन खात्याची नोंदणी आहे का आणि त्या दिवसाची ओहोटी किती वाजता सुरू होते, हे विचारावे. दोनापावल येथील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जलक्रीडा क्षेत्रातील प्रशिक्षण देते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घड्याळाकडे न पाहता तत्काळ मिळाले तर शिक्षक पाणी ओळखतो असे समजण्यास हरकत नाही.

निघण्यापूर्वी घरी किंवा काठावरील कोणाला तरी जाण्याचा मार्ग आणि परतण्याची वेळ सांगावी आणि परतल्यावर कळवावे. एकट्याने जाण्यापेक्षा दोघांनी जावे. पहिल्या हंगामात किनाऱ्यापासून तेवढेच अंतर ठेवावे, जेवढे बोर्ड हातातून गेला तरी पोहून कापता येईल.